शाळेचे पत्रे

अंधेरीच्या त्या ऑफिसातला एसी दुरुस्त करून झाला तरी भीमराज निघाला नाही. हात पुसून तो शर्मिष्ठाच्या टेबलापाशी आला आणि त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. चंद्रपूरकडच्या त्याच्या गावचे फोटो होते, भावाने सकाळीच पाठवलेले. शाळेच्या भिंतीला तडा गेला होता. एका फोटोत कोणीतरी त्या तड्यात पंजा घालून दाखवला होता.

गावाला लागूनच कोळशाची उघडी खाण आहे. तिचे कडे सरकतात का, हे उपग्रहाच्या रडारवरून बघायचं आणि दर महिन्याला कळवायचं, हे शर्मिष्ठाचं काम. बाई कामाला चोख. तीन वर्षांत तिचा एकही अहवाल एका दिवसानेही लांबला नव्हता.

शाळा जागच्या जागी आहे, असं तिने त्याला समजावलं. संगणकावर नकाशा उघडला. शाळेच्या ठिपक्यापुढे सरकण्याचा आकडा होता शून्य. मागच्या महिन्यात शून्य, त्याच्या मागच्या महिन्यातही शून्य. जुनं बांधकाम आहे, तडे जायचेच, असंही ती म्हणाली.

"दर वेळी शून्यच कसं काय?" भीमराजने विचारलं.

"बाकीचं सगळं शाळेपासूनच मोजतो ना आम्ही. एक जागा हलत नाही असं धरावंच लागतं, दादा. शाळेचे पत्रे रडारला स्वच्छ दिसतात, म्हणून ती धरली."

भीमराजने नकाशावरच्या शाळेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मग शाळेला कोण मोजतं, मॅडम?"

शर्मिष्ठाने बाकीच्या ठिपक्यांचे आकडे उघडले. खाणीपलीकडचा रस्ता, गोदाम, देऊळ, सगळं दर महिन्याला तीन-चार मिलिमीटर वर येताना दिसत होतं. काळी माती पाण्याने फुगते, असं तिनेच अहवालात लिहून टाकलं होतं. पण मार्च महिन्यात कुठलं पाणी? तिने शाळा सोडली, पलीकडचं गोदाम स्थिर धरलं आणि उपग्रहाचं ताजं चित्र घालून गणित पुन्हा लावलं. गणित सुटायला दहा मिनिटं लागली. नवा नकाशा आला. रस्ता आणि देऊळ आता हलत नव्हते. शाळा आणि तिच्याखालचा खाणीचा कडा मात्र लाल झाला होता. तीन वर्षांत शाळा सोळा सेंटिमीटर खचली होती, त्यातले चार गेल्या बारा दिवसांत. ती खाली जात होती, म्हणून बाकीचं सगळं वर येताना दिसत होतं.

तिचे वरिष्ठ जयवंत सर मागे येऊन उभे राहिले होते. आधी खाणवाल्यांना मेल करू, सोमवारी मीटिंग लावू, असं ते म्हणाले. तीन वर्षांचे अहवाल चुकले हे कबूल करायचं म्हणजे काय, याचाही तिने विचार करावा. ते हे अगदी शांतपणे बोलले. तिला त्यांची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"आज शाळा भरलीय?" तिने भीमराजला विचारलं.

"भरलीय ना. मध्ये लोकांनी पोरं पाठवायची बंद केली होती. मग तुमचा कागद आला, तो दारावर लावला, तेव्हा परत पाठवायला लागले. माझी पुतणीपण जाते."

तिने त्याला शाळेत फोन लावायला सांगितला. संघमित्राबाई म्हणून शिक्षिका होत्या, त्यांनी उचलला. मागे मुलं सातचा पाढा म्हणत होती. शर्मिष्ठाने मोबाइल हातात घेतला आणि सांगितलं, मुलांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, खाणीपासून लांब न्या. बाई गोंधळल्या.

"पण धोका नाही असा कागद लावलाय इथे. मोठ्या इंजिनिअर मॅडमची सही आहे त्यावर."

"ती सही माझी आहे, बाई," शर्मिष्ठा म्हणाली. "मी चुकले. मुलांना घेऊन निघा."

पलीकडे पाढा मध्येच थांबला.