पोटाशी उशी

हास्यक्लबात सगळे हात वर करून हसत होते आणि मी तेवढा पोटाशी उशी धरून नुसते ओठ हलवत होतो. हर्नियाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. "आता खुशाल व्यायाम करा," असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्यांचं काय जातंय? पोट माझं होतं. शेजारी बायको हसायचं सोडून माझ्यावर डोळा ठेवून होती.

"आता सिंहहास्य!" क्लब चालवणारे निंबकर सर गरजले. त्यांनी डोळे मिटून जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. तेवढ्यात बागेतलं कुत्रं त्यांच्यासमोर येऊन बसलं आणि त्यानंही तेवढीच जीभ काढली. सरांनी डोळे उघडले. आधी कोणी जीभ आत घ्यायची, हे दोघांनाही ठरवता येईना.

मी वाकून, मांडीवर थापा मारत, दम लागेपर्यंत हसलो. डोळे पुसायला दोन्ही हात वर नेले, तेव्हा कळलं, उशी केव्हाच गवतात पडली होती.

"अहो, दुखतंय का?"

"छे गं!"

तिनं उशी उचलली, झटकली, दगडी बाकावर ठेवली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदाच निवांत तिच्यावर बसली.