परक्या भिंतीतला खिळा

आमच्या छोट्या गावात ज्यू घरं जेमतेम नऊ उरली होती, तरी आत्याच्या शब्दाखातर आम्ही लढाईतून पळून आलेल्या एका विधवेला आणि तिच्या दोन मुलींना आसरा दिला. सिनेगॉगमागच्या खोल्या रंगवल्या, पलंग, भांडी, पडदे जमवले. महिना उलटला तरी बाईनं नवऱ्याचा फोटो जमिनीवरच टेकवून ठेवला होता. "यांचं मन रमत नाही वाटतं," मी म्हणाले. आत्यानं शिलाई मशीन थांबवलं. "आम्ही असेच पळून इथे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! उद्या निघावं लागलं तर, म्हणून तुझ्या आजोबांनी भाड्याच्या भिंतीत एकही खिळा ठोकला नाही. माझ्या आजीचा फोटो अकरा वर्षं जमिनीवर होता." तिनं हातोडी-खिळे घेतले आणि मला ओढत तिकडे नेलं. "यांना कुठे लावायचं?" फोटो उचलत तिनं विचारलं. बाई घाबरली. "नको, भिंत खराब होईल. आम्ही गेल्यावर तुम्हाला त्रास." "जायचं तेव्हा जा गं. तोवर यांना खाली का बसवायचं?" म्हणत आत्यानं हातोडी तिच्याच हातात दिली. पहिल्याच घावाला मूठभर गिलावा खाली आला. बाईनं जीभ चावली. आत्या खदखदून हसली. "ठोक अजून!" आज आत्या नाही, सिनेगॉगलाही बहुतेक वेळ कुलूप असतं. पण खिळा बसला तेव्हाचा त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. डोळे पुसत ती म्हणाली, "मुलींच्या दप्तरांसाठीही दोन ठोकू?"