दोन्ही टोकांना पिन

नातीचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तसे आबा घाईघाईनं उठले. सकाळपासून वीज नव्हती. पोरीला वाफ द्यायचं यंत्र मुकाट पडून होतं आणि लेक सारखी म्हणत होती, "आबा, काहीतरी करा ना!"

आबांनी मागच्या दारी जनरेटर सुरू केला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर त्यांनी स्वतःच बनवून ठेवली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की घरभर वीज. फक्त आधी मेन स्विच पाडायचा, नाहीतर वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत शिरते. लाइनमनच्या नोकरीत तीस वर्षं त्यांनी हेच शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

यंत्र घुरघुरलं. पोरीची छाती जरा सैल झाली आणि आबांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात समोरच्या काकू ओरडल्या, "आली हो, लाइट आली!"

आबांनी खिडकीतून पाहिलं. काकूंचा पंखा फिरत होता. शेजारच्या घरातला दिवाही लागला होता. लाइट कुठली यायला? मेन वरच राहिला होता, आणि गल्लीच्या टोकाला खांबावर चढून त्यांचा जावई तुटलेली तार जोडत होता.

त्यांनी धडपडत जाऊन मेन पाडला.

"गेली मेली परत!" काकू करवादल्या.

आबा अनवाणीच धावत सुटले. जावई खांबावर कमरेच्या पट्ट्याला रेलून होता. मान खाली, हालचाल नाही. त्यांनी खांबाला धरून हाक मारली.

मग वरून मान वळली.

"मामा, तार जिवंत होती! टेस्टर लावला म्हणून वाचलो." जावयाचे ओठ पांढरे पडले होते. "कुणीतरी गाढवानं मेन न पाडता जनरेटर लावलाय. तेवढं घरोघर बघून या. तुम्ही सांगितलंत तरच तारेला हात लावीन, दुसऱ्या कुणाच्या शब्दावर नाही."

आबांनी मान हलवली. मागे वळले आणि त्यांनी काकूंच्या दाराची कडी वाजवली, "काकू, तुमच्याकडे जनरेटर लावलाय का?"