थांबलेला माग

गंगव्वाचा जीव बसल्या जागी वर-खाली होत होता. दोन एसट्या बदलून नवऱ्याला या दवाखान्यात आणायचा आजचा अठरावा दिवस. मनाच्या आजारावरचं असलं मशीन अख्ख्या जिल्ह्यात एवढं एकच. "अजून फरक दिसत नाही, मावशी. आजचा दिवस बघू, नाहीतर उद्यापासून ही वेळ दुसऱ्या पेशंटला देऊ. खूप जण थांबलेत," असं डॉक्टरबाई सकाळीच बोलल्या होत्या.

तीस वर्षं कापडाचा यंत्रमाग चालवलेला शिवाप्पा दीड वर्षापूर्वी मनानं असा खचला, की गोळ्यांची पाकिटं संपत गेली आणि माणूस भिंतीकडंच बघत राहिला. आता मेंदू जागा करायला त्याच्या डोक्याला त्या मशीनची चुंबकाची तबकडी टेकवली होती. टकटकटकटक, चार सेकंद ठोके. मग अर्धं मिनिट सगळं गप्प. मग पुन्हा ठोके. अगदी मागासारखा आवाज, आणि या माणसाला तेवढंही कळंना! गंगव्वा कधी घड्याळाकडं बघे, कधी दाराकडं. पदराचं टोक पिळून पिळून चुरगळलं होतं.

ठोके थांबले. शिवाप्पाची बोटं मांडीवर हलली, चिमटीत काहीतरी धरून गाठ मारल्यासारखी. धागा तुटून माग बंद पडला, की तो अशीच गाठ मारायचा.

"हलू नका, काका," मशीनवरची मुलगी म्हणाली.

"हलू नका काय?" दीड वर्षात पहिल्यांदाच शिवाप्पा खेकसला. "माग बंद पडलाय! धागा तुटलाय, दिसंना व्हय तुला?"

गंगव्वा ताडकन उठली आणि दारातूनच ओरडली, "ओ डॉक्टरबाई, आमची वेळ कुणाला देऊ नका!"