चौकटीत न मावलेला शब्द

दोघांनी एकदमच बटण दाबलं. संघपालचा पडदा पापणी लवायच्या आत उघडला. शेजारच्या कॉम्प्युटरवर वैष्णवीचं लोडिंगचं चक्र अजून गोल गोल फिरतच होतं.

"पाह्यलं?" संघपाल हसला. "मशीन म्हातारं हाये. तुहं जड टूलकिट त्याले झेपत नाही."

चिखलीतल्या त्या लहानशा दवाखान्यासाठी दोघांनी एकच काम दोन परींनी केलं होतं. पेशंटचं नाव आणि डॉक्टरांची सूचना नर्सला पडद्यावर दिसावी, एवढंच काम. पण पडद्यावरच्या चौकटी नि बटणं ज्या तयार सामानातून जुळवायची, ते टूलकिट दोघांचं वेगळं. संघपालचं जुनं नि हलकं. त्यात प्रत्येक चौकट त्यानं स्वतः मापून बसवली होती. वैष्णवीच्या टूलकिटात चौकट मजकुराप्रमाणे आपोआप लहानमोठी होई, पण तेवढ्यानं मशीनला धाप लागे.

डॉ. योगिनी आज खऱ्याच पेशंटच्या सूचना दोन्हीकडे भरत होत्या. "संघपालचंच ठेवू," जाता जाता त्या म्हणाल्या. "इथे वाट बघायला कुणाला वेळ आहे?"

"अक्षर तेवढं मोठं करा हो," महामाया सिस्टर म्हणाल्या. "मले बारीक दिसत नाही."

दोघांनीही अक्षर मोठं केलं. सिस्टरनी संघपालच्या पडद्यावरून मोठ्यानं वाचलं, "झुंबरबाई. पेनिसिलीन देणे." मान डोलावून त्या म्हणाल्या, "आता कसं स्पष्ट दिसते! चला, आधी टेस्टचा डोस देऊन पाहते." ट्रे घेऊन त्या आत गेल्या.

संघपालनं खुर्चीत अंग सैल सोडलं. आपण जिंकलो, हे वैष्णवीनं आता तोंडानं म्हणावं, असं त्याला वाटत होतं.

"संघपाल, इकडं पाह्य."

"आता काऊन? हरली ना तू."

"पाह्य म्हणते ना!"

तिच्या पडद्यावरही झुंबरबाईच होती. 'पेनिसिलीन देणे', आणि त्याच्याखाली, वाढलेल्या चौकटीत, दुसऱ्या ओळीवर एकच शब्द होता. 'टाळावे.'

त्यानं आपल्या पडद्याकडे पाहिलं. अक्षर मोठं झालं होतं, चौकट मात्र त्यानं मापली तेवढीच राहिली होती. शेवटचा शब्द चौकटीबाहेर अख्खाच कापला गेला होता. कापल्याची साधी खूणही कुठे नव्हती. 'पेनिसिलीन देणे' हे वाक्य अगदी पुरं दिसत होतं.

खुर्ची मागे पडली. बाकावरच्या पेशंटना धक्के देत तो आत धावला.

झुंबरबाई खाटेच्या कडेला बसली होती. वरवट बकालहून आलेली, वाळलेल्या अंगाची म्हातारी. लुगड्याचा पदर सावरून तिनं हात पुढे केला होता. सिस्टरनी स्पिरीटचा बोळा फिरवला नि सुई कातडीला टेकवली.

संघपालनं सिस्टरचं मनगट धरलं.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" सिस्टर ओरडल्या.

"टाळावे," तो कसाबसा बोलला. "पुढं टाळावे आहे. देणे टाळावे. ते... ते दिसत नाही."

सिस्टरचा चेहरा उतरला. सुई त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. "मागच्या बारीले इनं इंजेक्शन घेतलं होतं का?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"घेतलं व्हतं ना," झुंबरबाईच बोलली. "खामगावले. जीव कोंडला व्हता माहा. डॉक्टरीनबाईले सांगतलं मी सकाळीच."

संघपाल खाटेच्या लोखंडी दांडीला धरून खाली टेकला. कपाळावर घाम फुटला होता, दात एकमेकांवर आपटत होते.

झुंबरबाईनं वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई, याले पानी दे वो," ती सिस्टरला म्हणाली. "पोरगं सुईले लय भेलं."