त्र्याण्णव नंबरची कॅसेट

“आता यातल्या पुन्हा मिळणार नाहीत अशा किती?” विमा कंपनीच्या माणसाने विचारलं आणि सूनबाईच्या हातातलं पेन थबकलं.

सकाळपासून यादी चालली होती. चारशे बारा तबकड्या, एकशे तीस कॅसेट, दोन स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि मामंजींचा जीव की प्राण असलेला कॅसेट डेक. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावर आग लागली. धूर जिन्याने वर आला आणि तेव्हापासून मामंजींनी विम्याचा धोशा लावला. त्यांची बोटं आखडलेली, म्हणून लिहायचं काम सूनबाईकडे आलं होतं.

“एकच,” मामंजी म्हणाले. “बाकीच्या शोधल्या तर कुठे ना कुठे सापडतील.”

“मग ती मला ऐकावी लागेल, आजोबा. आत काय आहे त्याची नोंद करायची असते. आणि तिची कॉपी काढून दुसऱ्या घरी ठेवायची. कंपनीचा नियम आहे.”

मामंजींनी त्र्याण्णव नंबरचं खोकं काढलं.

खोक्यावर मामंजींच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘व्हायोलिन. एकल वादन.’ जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केली होती, तीही एका बाजूला बसून. एकदाच त्यांना मधोमध बसायला मिळालं. त्या संध्याकाळची ही कॅसेट. पुढे बोटं गेली आणि व्हायोलिन पेटीत गेलं ते गेलंच.

फक्त, त्या कॅसेटमध्ये ते वादन आता नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी लेक बोबडं बोलायला लागली, तेव्हा सूनबाईने घाईघाईत टेबलावरची कॅसेट कोरी समजून लावली आणि लाल बटण दाबलं. नाव खोक्यावर होतं, कॅसेटवर नव्हतं. रिकामं खोकं हाताला लागलं तोवर अख्खी बाजू पुसली गेली होती. तिने कॅसेट खोक्यात घातली, खोकं कपाटात ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. परत ती ऐकायची तिची छाती झाली नाही. सासूबाईंच्या कानावर घालू, त्या सांभाळून घेतील, असं रोज ठरवायची. तर सासूबाईच त्या वर्षी गेल्या.

मग सांगायचं राहूनच गेलं. त्याऐवजी तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. शाळेच्या कचेरीत नोकरीला जावं लागे तेवढा वेळ सोडला, तर मामंजींना घरात एकटं ठेवायचं नाही. रविवारी नाही, सुट्टीत नाही, कुणाच्या लग्नाकार्यालाही नाही. मामंजी मागे लागत, “अगं, जा की चार दिवस माहेरी. मी काय पळून जाणारेय? का आईने तुला दाराशी उभं करायचं नाही असं ठरवलंय?” ती हसून विषय टाळी. एवढा देवमाणूस, आणि आपण त्याच्या घरात राहून हे केलं, असं तिच्या मनात येई.

एक बरं होतं, मामंजी ती कॅसेट कधी लावत नसत. तिने तरी कधी ऐकली नव्हती.

विम्याच्या माणसाने कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. “हे झकास केलंत, आजोबा. वरच्या कडेचा प्लॅस्टिकचा दात मोडून टाकलाय. आता चुकूनसुद्धा हिच्यावर कुणाला रेकॉर्ड करता यायचं नाही.”

सूनबाई चमकली. त्या दिवशी तो दात शाबूत होता. नसता, तर लाल बटण खाली गेलंच नसतं.

“पण टेप झिजलीय बरं का. रोज वाजवता वाटतं?”

“रविवार सोडून,” मामंजी म्हणाले.

सूनबाई उठून उभी राहिली. पेन खाली पडलं. “मामंजी, लावू नका. मला आधी सांगू द्या. त्यात तुमचं...”

“बस गं,” मामंजी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

थोडी खरखर झाली. मग तिचाच आवाज आला, कोवळा, हसरा. “बोल बाळा, आ-जी. म्हण, आजी.” पाठोपाठ काहीतरी बोबडं. कुठेतरी भांडं पडलं. आणि आतल्या खोलीतून, ठसक्यात, सासूबाई बोलल्या, “आजीला काय बोलावतेस, आजोबांना हाक मार! अहो, ऐकलंत का? किती पुसाल ते व्हायोलिन? ताटं वाढलीत, गार होतंय सगळं. येताय ना?”

“आलो, आलो,” मामंजी म्हणाले. कुणाकडे न बघता, खुर्चीच्या हातांवर जोर देत, अर्धवट उठत.

मग ते परत टेकले. विम्याच्या माणसाने खोक्यावरचं नाव वाचलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि हातातली फाईल मिटली.

मामंजींनी कॅसेट थांबवली. खोक्यात घालताना त्यांची बोटं दोनदा चुकली.

“ते वादनाचं नाव खोडून टाक,” ते म्हणाले. “नाहीतरी शेवटी शेवटी बेसूरच झालं होतं.”

“मामंजी...”

त्यांनी खोकं तिच्या हातात दिलं.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “आता तू माहेरी नाही गेलीस तरी चालेल हो मला.”