पाचवा खांदा

"खाली ठेवा ती खाट," चौकीवरचा बंदूकवाला ओरडला.

मक्रम आणि बाकीच्या तिघांनी खाट जपून खाली टेकवली. दोरीच्या खाटेवर, कफनात गुंडाळलेली, त्याची आई होती. दमियाना. तोफा थांबेनात म्हणून काल नेता आलं नव्हतं, आणि सुदानमधल्या उमदुरमानच्या उन्हात आणखी थांबायची सोय नव्हती. ख्रिस्ती दफनभूमी चौकीपलीकडे, डाव्या वाटेला. नवऱ्याशेजारी मला ठेव, एवढं एकच मागणं तिनं मागितलं होतं.

पण याच चौकीवर मागे एका ख्रिस्ती घरची शवपेटी फोडली होती, आत सोनं लपवलंय म्हणून. म्हणून शेजारच्या बाबिकरकाकांनी डोकं चालवलं. पेटी नको, पाद्री नको. आमच्यासारखी कफनात, खाटेवर नेऊ. मी आणि माझे दोघे मुलगे खांदा देतो, चौथा तू. मुसलमानाची मयत कोण अडवतंय?

"कोण आहे?" बंदूकवाल्यानं विचारलं.

"माझी बहीण," काका बेधडक म्हणाले. "आणि हा भाचा."

बंदूकवाल्याचा चेहराच बदलला. बंदूक पाठीवर टाकून तो खाटेजवळ आला. "अल्लाची मर्जी. पण हे काय, चौघंच? मयतीला माणसं नाहीत?"

"असल्या लढाईत कोण येणार, बाबा?"

"मग आम्ही काय मेलोय?"

त्यानं हाळी दिली. आणखी तिघं धावत आले आणि सरळ खाटेखाली खांदे घालून उभे राहिले. झालं! काकांनी सगळा विचार केला होता, एवढंच तेवढं विसरले. समोरून मयत चालली तर खांदा दिल्याशिवाय त्यांच्यातला कुणी पुढे जात नाही, पुण्य असतं ते. जन्मभर रोज पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसानं हे विसरावं म्हणजे कमाल झाली.

खाट त्यांच्या खांद्यांवर गेली आणि उजवीकडे, मुसलमानी कबरस्तानाच्या वाटेला वळली.

"डावीकडून..." मक्रमच्या तोंडून निघून गेलं.

"डावीकडे? तिकडे नसरानी पुरतात." बंदूकवाल्यानं मान हलवली. "आईच्या दुःखानं डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं."

काकांनी मक्रमचं मनगट गच्च धरलं. बाही वर सरकली होती आणि लहानपणी गोंदवलेला क्रूस दिसत होता. "गप चल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "नाहीतर आणखी चार खड्डे खणावे लागतील."

मक्रम खाटेमागून जवळजवळ पळतच होता. पुढच्या वळणावर सांगून टाकू, असं ठरवायचा आणि वळण मागे पडायचं. नदीकडे धडाधड आवाज होत होते. याच लोकांनी चर्चमधले बाक फोडून चहा उकळला होता, आणि आता हेच आईला जराही हिसका न देता नेत होते. त्यांना शिव्या घालाव्यात की आभार मानावेत, त्याला कळेना. आईला फसवलं आपण, एवढं मात्र कळत होतं.

कबरस्तानात खड्डाही त्यांनीच खणला. आईला उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून निजवलं. मक्रमनं माती लोटली. लोटताना रडू फुटलं, आणि त्या रडण्यावर कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

बंदूकवाला कबरीच्या उशाशी उकिडवा बसला. "नाव काय हिचं?"

"मरियम," काका घाईनं म्हणाले.

तो मातीजवळ वाकला आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा मोठ्यानं बोलू लागला. "मरियम, घाबरू नकोस. आत्ता फरिश्ते येतील. विचारतील, धर्म कोणता? सांग, इस्लाम. विचारतील, नबी कोण? सांग, मुहम्मद. ऐकलंस ना नीट?" त्यानं पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. परकी म्हातारी तिथं अडखळू नये, याची त्याला खरीच काळजी वाटत होती.

मक्रमला ऐकवेना. तो काकांच्या कानाशी लागला. "काका, काय शिकवतोय हा आईला?"

काकांनी पायघोळ सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"शिकवू दे," ते पुटपुटले. "जन्म गेला माझा तिच्या शेजारात. दमियानानं कधी कुणाचं ऐकलंय?"